पोथीवरून फिरणारा चांदीचा हात

मित्रांनो, मी जुना हात हाय. नुसता हात. वर खांदा नाय, दंड नाय. एक दांडी, तिच्या टोकाला मूठ, आन् मुठीतनं बाहेर आलेलं एक बोट. पेणच्या यहुदी लोकांच्या मशिदीत माझा जन्म गेला. आमच्यात प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणायचे, सिनेगॉग हे नाव मागनं आलं. तिथं चामड्यावर हिब्रूत हातानं लिहिलेली तोरा हाय, आमची पोथी. तिच्या अक्षरांना माणसाचं बोट लागलेलं चालत नाय. घाम लागतो, शाई जाते. म्हणून वाचणाऱ्याच्या हातात मी. उजवीकडनं डावीकडं, ओळीमागनं ओळ, शनिवारमागनं शनिवार. दमलो बाबा.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या थोडं मागंपुढं आमच्यातल्या रिबकाबाईंनी आपले पायातले तोडे मोडून मला घडवून घेतलं. कान्हू सोनारानं असली वस्तू जन्मात बघितली नव्हती. त्यानं मन लावून हात केला, आन् मनगटात बारीकशी बांगडी घातली. त्याच्या हिशोबानं रिकामं मनगट म्हणजे अशुभ. मशिदीतली म्हातारी मंडळी खवळली.

"अरे कान्हू, हा तर बाईचा हात केलास!"

रिबकाबाई वरच्या, बायकांच्या सज्ज्यातनं बोलल्या, "ऱ्हाऊ दे तसाच. आमच्या हातांना पोथीपाशी कोन येऊ देतं? एवढा तरी पोचू दे."

मी राहिलो.

रिबकाबाईंचा थोरला, हसाजी, वाचायला उभा राहायचा. आठवडाभर सायकलींचे पंक्चर काढायचा, आन् शनिवार आमचा देवाचा वार, दुकानाची फळी बंद. नखांतलं काळं घासून घासून यायचा नि मला उचलायचा. त्याचा आवाज जाडाभरडा, पण शब्द कधी गिळला नाय. सुरुवातीला लोक माझं कौतुक करायचे. लहान पोरं रांग लावून मला बघायची. सणाला तर खालचा मजला, वरचा सज्जा, सगळं भरून जायचं.

पण मित्रांनो, माझं काम फार वाईट. मला सगळं ठाऊक असतं नि काय करता येत नाय. पोथीतल्या योसेफला त्याचे भाऊ दरवर्षी खड्ड्यात टाकतात. मी नुसता बोट दाखवतो. धरून वर ओढता येत नाय. नि शेवटी तो मोशे. आख्खं रान तुडवून लोकांना आणतो, डोंगरावरनं देवानं कबूल केलेला देश बघतो, आन् तिथंच मरतो. देव म्हणतो, बघ, पण जायचं नाय. दर खेपेला त्या ओळीवर आलो की मला वाटायचं, ह्या वर्षी तरी जाऊ देतील. कुठलं काय!

मग आमची माणसंच जायला लागली. इस्रायलला. आज ह्यांची ट्रंक बांधली, उद्या त्यांची. बाकं मोकळी पडली. पोथी उघडून वाचायची तर दहा पुरुष लागतात, आन् दहा जमवताना हसाजीच्या तोंडाला फेस यायचा. शनिवारी प्रवास चालत नाय, म्हणून रोह्याचे अबाजीबाबा आदल्या दिवशीच यायचे नि मशिदीतल्या बाकावर झोपायचे.

असंच एका वर्षी सिमहात तोराचा सण आला. भात कापणीला आलेलं. त्या दिवशी वर्षाचं वाचन संपतं, आन् संपल्या संपल्या, श्वास न घेता, पहिल्यापासनं पुन्हा सुरू करायचं असतं. शेवटच्या वाचनाला एकाला उभा करतात, पहिल्याला दुसऱ्याला. दोघंही त्या दिवसाचे नवरदेव, वाचायचं मात्र हसाजीनंच. शेवटचे नवरदेव अबाजीबाबा होते, पहिल्याचा हसाजीचा धाकटा भाऊ दाऊद. दाऊद आठवड्याभरात निघणार होता. बायको घेऊन, दोन मोठे मुलगे घेऊन. ते गेले की दहा जमायचे नव्हते, हे सगळ्यांना कळत होतं.

हसाजीनं मोशेचं मरण वाचलं. त्यानं पोथी गुंडाळली, नि मला बाजूला ठेवलं.

"झालं. आता कपाटात ठेवा."

"दादा," दाऊद म्हणाला, "पहिलं वाचायचं ऱ्हायलं."

"कशाला? पुढच्या शनिवारी कोन येनार हाय ऐकायला? तू? अर्धवट टाकन्यापरीस पुरी करून मिटलेली बरी."

"माझ्यावर राग काढतोस. पोथीवर काढू नको."

"राग कसला? मोशेला जाऊ दिलं नाय. मला कोनी अडवलं नाय, मीच जात नाय. तू जा."

"मग चल की! किती वेळा सांगितलं!"

"आन् ह्या मशिदीला कुलूप कोन लावनार? तुझा सासरा?"

अबाजीबाबा बाकावरनं ओरडले, "भांडा घरी जाऊन! बाकावर झोपून माझी कंबर मोडली. वाचा, नायतर मी वाचतो. मला वाचता येत नाय तरी वाचतो!"

दोन-चार जण हसले. हसाजी हसला नाय. मला वाटलं, आपलं संपलं. खरं सांगतो, थोडं बरं पण वाटलं. थकलेल्या माणसाला अंथरूण दिसावं तसं.

तेवढ्यात वरनं हसाजीची बायको, मलकाबाई, बोलली.

"अहो, काल मी तांदूळ भिजत घातले तवा मला ठावं होतं का आज जेवायला कोन येनार, कोन नाय? तरी घातले ना? तुमचं एवढं काय अडलंय?"

हसाजीनं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले नि मला उचललं. दोघातिघांनी पोथी पुन्हा सुरुवातीपर्यंत उलगडली. तेव्हा दाऊद पुढं आला. त्यानं भावाचं मनगट धरलं. दोघांनी मिळून मला पहिल्या अक्षरावर टेकवलं. देवानं जग केलं ती गोष्ट. अंधार होता, उजेड झाला. संध्याकाळ झाली, सकाळ झाली, पहिला दिवस. एवढं हळू वाचन मी जन्मात केलं नव्हतं.

दाऊद गेला. पोथी कपाटात गेली, ती काढायला दहा कधी झाले नाय. मी फडक्यात गुंडाळून खणात. खाडीची खारी हवा, मी काळा पडलो. पाऊस गेला का आला, कळायचं नाय.

मग एका शनिवारी खण उघडला. हसाजीनं मला राखेनं घासलं, खिशात घालून घरी नेलं. पाटावर पोथीचं छापील पुस्तक ठेवलं नि वाचायला लागला. मी आपला पुढं पुढं.

मलकाबाई भाजी निवडता निवडता म्हणाली, "कागदच हाय की तो. त्याला बोट लावलंत तर काय बिघडतं? हात कशाला?"

"अगो, बसून बसून त्याला मुंग्या येतील."

मित्रांनो, तुमच्या घरात असलं काय जुनं पडलेलं असंल, तर त्याला नुसतं पुसून ठेवू नका. कामाला लावा. आम्ही दमतो, कुरकुरतो, पण कामातच आमचा जीव असतो.

हसाजीला आता नीट दिसत नाय. ओळ संपली तरी तो तिथंच थांबतो. मग मलकाबाई हातातली भाजी ठेवते, माझी दांडी धरते, आन् मला पुढच्या ओळीवर नेऊन ठेवते.