सासऱ्याचं नाव

थोरल्या नातीच्या पायांतला काळा-पांढरा दोरा कापून तिला पहिलं पाऊल टाकायला लावलं, त्या वर्षीची ही गोष्ट. समारंभ उरकला आणि दुसऱ्याच दिवशी सून एल्झात घसा येऊन आजारी पडली. दोन दिवसांनी ती सासूला, कालिपाला म्हणाली, "एने, माझा चहा फार गडद येतोय."

"मग पत्ती कमी घाल की गं."

याहून उघड एल्झातला सांगता येईना. सासऱ्याचं नाव कानिमेत. सुनेनं ते घ्यायचं नाही हे तर ठरलेलंच; पण त्यांच्या किर्गिझ बोलीत कान म्हणजे रक्त, म्हणून एल्झात तो शब्दही ओठांवर येऊ देत नसे. मेंढी कापली तरी 'लाल पाणी' म्हणायची. कालिपा हे शेजारणींना मोठ्या कौतुकानं सांगे.

मग सुनेचा चेहरा भरला. शेजारणी म्हणाल्या, "पुनवेचा चंद्र झालाय की! काय चारतेस गं तिला?" कालिपाला बरं वाटलं. पुढे एकदा बूट निघेनात म्हणून ती सुनेच्या मदतीला बसली. नडगीवर तिचं बोट दाबलं गेलं, तिथे खळगा पडला. बोट उचललं तरी तो भरेना.

तालुक्याच्या डॉक्टर चोल्पोनायनं विचारलं, "लघवीतून रक्त जातं का?"

एल्झातनं मान खाली घातली. "चहासारखी होते."

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले. एनेला सांगितलं होतं."

कालिपाला तो गडद चहा आठवला.

बिश्केकला नेऊन पाठीतून सुई घातली, मूत्रपिंडाचा कण काढून तपासला. निकाल आल्यावर चोल्पोनायनं तिघांना समोर बसवलं. "घसा आला की शरीर राखण करणारे सोडतं. हिच्या शरीरात ते बिघडलेत. मूत्रपिंडाच्या बारीक चाळणीत जाऊन अडकतात आणि तिलाच इजा करतात."

कानिमेतचा जन्म मेंढ्यांमागे गेलेला. तो म्हणाला, "म्हणजे राखणीचं कुत्रं आपल्याच मेंढीवर उठलं."

"तसंच, अता."

"मग कुत्री मारून टाका."

"सगळी मारली तर लांडग्याला कोण अडवेल? स्टेरॉइड सगळ्यांनाच गुंगी आणतं, म्हणून ते जपून द्यायचं. आता बाहेर नवी औषधं निघालीत, चुकणारं कुत्रं तेवढं बांधणारी. आपल्याकडे यायला वेळ लागेल. तोवर चाळणी टिकली पाहिजे. गेलेली चाळणी कुठलंच औषध परत आणत नाही. मीठ कमी, रक्तदाबाची गोळी रोज. आणि रंग बदलला की त्याच दिवशी मला कळलं पाहिजे."

"आणि कुरुत, आपले सुक्या दह्याचे गोळे?"

"खारट, अता. बंद."

"मग माणसानं खायचं काय!"

"तू खा. दात आहेत का बघ आधी," कालिपा म्हणाली.

घरी आल्यावर कानिमेत टोपी काढून सुनेसमोर बसला. "म्हण. कान."

"अता, नको ना..."

"आख्खं कुरण ओरडत असतं माझं नाव. तुझ्या तोंडून काय झिजणार आहे?"

एल्झातनं ओढणीत तोंड लपवलं. कालिपानं ती ओढणी हळूच बाजूला केली. "म्हण, बाळ. तुझं गप्प राहणं गावभर मिरवलं ते मीच. पत्ती कमी घाल म्हणाले ते पण मीच."

सून पुटपुटली.

"ऐकू आलं नाही," म्हातारा म्हणाला.

"कान!" एल्झात ओरडली आणि रडायला लागली. कालिपा तिची पाठ चोळत बसली.

पुढच्या हिवाळ्यात घसा पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी सकाळी एल्झात दारातूनच ओरडली, "एने! कान!"

"काय गं?" म्हातारा गोठ्यातून म्हणाला.

"तुम्हाला नाही हाक मारली, अता!"

"मग गाडी काढतो," म्हणत तो धावला. दुपारच्या आत ते चोल्पोनायकडे पोचले. औषध वाढवलं, सूज उतरली. त्यानंतर दोनदा तसंच झालं, दोन्ही वेळा त्याच दिवशी गेले. नवं औषध अजून तालुक्यात आलेलं नाही. एल्झातची चाळणी टिकून आहे.

कानिमेत चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये, मेंढ्या वितात त्या दिवसांत, हृदय बंद पडून वारला. दाखल्यासाठी कारकुनाला त्याचं नाव सांगितलं ते एल्झातनं.