पाईचं ताट

“तुमच्या या मागणीपत्रावर न्यायाधीशाची सही कुठाय?” चष्मा कपाळावर सारत व्हर्लीनने फोनवर विचारलं.

“लागत नाही, मॅडम. एवढ्या माहितीला कायद्यानं आमच्या तपास खात्याची सही पुरते. ही इंटरनेटची जोडणी कुणाच्या घरची, तेवढं सांगा. मुदत दहा दिवसांची आहे, पण...” अधिकारी घुटमळला. “तेरा वर्षांची पोर शनिवारपासून बेपत्ता आहे. तिला फूस लावणारा याच जोडणीवरून बोलत होता. आणि ग्राहकाला अवाक्षरही कळता कामा नये.”

मिसिसिपीतल्या त्या लहानशा टेलिफोन कंपनीत व्हर्लीन एकतीस वर्षं नोंदी सांभाळत होती. तिने कागदावरचे जोडणीचे आकडे संगणकात टाकले. पडद्यावर नाव उमटलं : ओझेला पेटवे.

चाळीस वर्षं चर्चच्या एकाच बाकावर शेजारी बसलेली ओझेला! घरात ती आणि तिचा लेक लॅव्हेल, दोघंच.

“प्रभू, हात तेवढा धर,” व्हर्लीन पुटपुटली. सही केली आणि दहा मिनिटांत कागद पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, ओझेलाच कचेरीत हजर. हातात ताटभर रताळ्याची गोड, भाजलेली पाई.

“तोंड का गं उतरलंय? मेलेला नवरा स्वप्नात येऊन भांडला की काय?”

“डोकं दुखतंय जरा.”

“मग खा. पोटात गोड गेलं की डोकं गप्प बसतं. लॅव्हेलसाठी केली होती, पण त्याचा घरी पायच ठरत नाही. नवी नोकरी म्हणे.” ती हसली. “रविवारी ताट परत आण. आणि रिकामं आणलंस तर बघ!”

एक शब्द जिभेच्या टोकावर आला होता. व्हर्लीनला त्या न पाहिलेल्या पोरीची आठवण झाली. तिने पाईच्या घासाबरोबर तो शब्द गिळला.

गुरुवारी पहाटे लॅव्हेलला धरलं. मुलगी कापसाच्या जुन्या गोदामात सापडली. जिवंत. व्हर्लीनने गुडघे टेकून देवाचे आभार मानले आणि तशीच रडत राहिली.

रविवारी रेव्हरंडांचं प्रवचन नेहमीसारखं बोलता बोलता सुरात चढलं. “मेंढपाळ निघाला... एका हरवलेल्या कोकरासाठी निघाला...” पुढची जागा व्हर्लीनची. “सांगा, रेव्हरंड, सांगा!” ही तिची साद ऐकल्याशिवाय ते पुढची ओळ उचलत नसत. ते थांबले. व्हर्लीनने शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. शेवटी ऑर्गनवाल्यानेच सुरांनी तिच्या सादेची जागा भरून काढली.

सोमवारी ओझेला आली. जोडणी बंद करायची होती.

“मी पाई घेऊन आले, तेव्हा तुला ठाऊक होतं?”

“होतं.”

“आणि तू खाल्लीस.”

“ओझेला, ती पोर...”

“ठाऊक आहे मला. तिच्या आईच्या जागी मी असते, तर तुझे पाय धरले असते.” तिने अर्जावर सावकाश सही केली. “माझं ताट दे.”

व्हर्लीनने खणातून घासूनपुसून ठेवलेलं ताट काढलं. त्यात घरच्या पीचच्या मुरांब्याची बरणी होती, रविवारी द्यायची राहिलेली. ओझेलाने ती उचलली आणि अलगद टेबलावर ठेवली.

मग रिकामं ताट छातीशी धरून ती निघून गेली.