दामिनीचं खातं

दवनीवाड्याच्या दामिनी महिला बचत गटाच्या अध्यक्ष सुलोचनाबाई बँकेत गेल्या, त्या तांदूळ-तेलासाठी पैसे काढायला. जंगलातल्या लोकांनी बंदुका खाली ठेवाव्या म्हणून सरकारनं सालेकशाला शांतता मेळावा भरवला होता आणि तिथल्या जेवणाचं काम गटाला मिळालं होतं. पण बँकेत खातं गोठवलेलं निघालं.

नवीन आलेला मॅनेजर हिमांशू दबक्या आवाजात सांगू लागला. शांततेच्या बोलण्यांत खोडा घालणाऱ्या टोळ्यांचा पैसा रोखायचा वरून हुकूम होता, आणि त्यातल्या एका टोळीचं नाव होतं दामिनी. बोलताना त्याचा हात टेबलाखालच्या घंटीवर होता, हे बाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

"साहेब, आमच्या हाती लाटनं हाये," त्या म्हणाल्या. "त्यानं का आमी ठाना उडवून राहिलो?"

हिमांशूला हसू आलं, पण खातं उघडणं त्याच्या हातात नव्हतं. जिल्ह्याला कळवतो म्हणाला.

बाई घरी पोचायच्या आधी दामिनी ही टोळी असल्याची बातमी गावात पोचली. एरवी उधारीचं नाव काढलं की पाठ फिरवणारा किराणावाला मुन्नालाल स्वतः तांदळाचे कट्टे अन् तेलाचे डबे घेऊन दारात हजर. पैशाचं नंतर बघू, म्हणाला. गटाची सचिव शामकला गप्प राहा म्हणून डोळ्यांनी खुणावत होती. बाईंनाही घटकाभर मोठं बरं वाटलं, पण मन काही मानेना. त्या टोळीशी आपला काडीचा संबंध नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं.

"तुम्ही नाही म्हणता तर नाहीच, बाईजी," मुन्नालाल हात जोडून म्हणाला आणि आणखी एक डबा उतरवला.

मेळाव्यात वाढता वाढता बाईंनी जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना हळूच सांगितलं, की हे जेवण दामिनीच्या हातचं आहे आणि दामिनीचं खातं तुम्हीच बंद केलंय. साहेबांचा घास हातातच राहिला. मग सगळा प्रकार ऐकून ते इतके हसले की ठसका लागला. भात मात्र त्यांनी पुन्हा मागून घेतला.

काही दिवसांत खातं सुटलं. पुन्हा भानगड नको, गटाचं नाव बदलून टाका, असं हिमांशूनं सुचवलं. बैठकीत विषय निघाला तेव्हा बाया खवळल्या. काऊन बदलवाचं, हा शामकलाचा सवाल होता. शेवटी सुलोचनाबाई स्वतः बँकेत जाऊन सांगून आल्या:

"नाव आमचं पयलं हाये. त्याईले सांगा बदलवाले."