पेनांग न दिसणारे फोटो

सकाळी सातला हॉटेलातून निघतानाच मी ह्यांना म्हटलं होतं, रिपोर्ट चारला मिळायचाय, तोवर खोलीत पंख्याखाली पडून राहू. पण ऐकतील तर शपथ! एकतीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने मला आमच्या मेदान गावाहून तोबा सरोवरापलीकडे कुठे म्हणून नेलं नाही, आणि तेही कुणाच्या लग्नाला नाहीतर मयताला. आज मात्र अंगात वारं शिरल्यासारखं करत होते. देऊळ काय, बाग काय, किल्ला काय. माझ्या गुडघ्यांची पार वाट लागली होती.

घरी आम्ही क्वालालंपूरला जातो म्हणून सांगितलं होतं. खरं सांगायची सोयच नव्हती. मेदानचा माणूस पेनांगला निघाला म्हटलं की 'मजा करा' असं कुणी म्हणत नाही, 'काय झालंय?' असंच विचारतात. आमच्याकडचे निम्मे दुखणाईत समुद्र ओलांडून इथल्या दवाखान्यांत येतात. ह्यांच्या फुफ्फुसावर डाग दिसला, गुरुवारी सुई घालून तुकडा काढला, आणि इकडे टिऊरच्या लग्नाला राहिले बावीस दिवस. टिऊर आमची थोरली. तिला कळलं असतं तर लग्न पुढे ढकलून ती बापाच्या उशाशी येऊन बसली असती. लग्न होईपर्यंत पोरीच्या कानावर जाता कामा नये, म्हणून ह्यांनी मला बायबलवर हात ठेवायला लावला होता.

आणि पोरगी तासातासाला विचारत होती, "आई, फोटो कुठेत?"

मग काय, आम्ही दोन म्हातारी पेनांगभर हिंडत होतो आणि पेनांग दिसणार नाही अशी जागा शोधत होतो. एवढं डोंगरावरचं प्रसिद्ध देऊळ, लोक कुठून कुठून येतात, आणि आम्ही फोटो काढला तो शौचालयाच्या भिंतीपाशी. बागेत एका झाडाला टेकून उभी राहिले, तर ह्यांना खोडावरची पाटी दिसली. "सरक, सरक, नाव येतंय." सरकले, तर पायाखाली मुंग्या. किल्ल्यात नुसत्या आभाळाखाली उभे राहिलो. आभाळ काय, सगळीकडचं सारखंच. फोटो पाठवला. टिऊरने लिहिलं, "क्वालालंपूरला उंच इमारती नाहीत का गं?"

देवळाच्या पायऱ्या चढताना हे दर पंधरा-वीस पायऱ्यांना थांबायचे आणि खाली कासवांचं तळं बघतोय असं दाखवत खोकायचे.

"दमलात. बसा."

"मी कुठे दमलो? तूच दमलीस."

"हो, मीच दमले! माझंच फुफ्फुस आहे ना ते!"

बोलून गेले आणि जीभ चावली. हे हसले, म्हणाले, "तोंड आहे का करवत?" आणि पुढच्या पायऱ्या चढायला लागले. चढताना त्यांनी माझा हात धरला. भर दिवसा, चारचौघांत. मी म्हटलं, तोल जात असेल.

दीड वाजता धक्क्यापाशी आलो. पाण्यात खांबांवर उभी केलेली ती लाकडी घरं, माशांचा वास, डोक्यावर तापलेलं ऊन. आता इथून सरळ दवाखान्यात जाऊ म्हटलं तर हे म्हणाले, डोंगरावर जाणारी गाडी राहिलीय.

तिथे माझा तोल सुटला. "डोंगर गेला खड्ड्यात! सकाळपासून माझं लक्ष घड्याळाकडे लागलंय. तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो? दगड आहात का?"

आता, मीच ह्यांना बजावलं होतं, परक्या गावात आपली बोली बोलू नका. पण भांडण काही परक्या भाषेत होत नाही. आणि आम्हा बातक जमातीच्या लोकांचा आवाज म्हणजे काय विचारता! शेजारच्या खानावळीतून एक चाळिशीचा माणूस हात पुसत, आमच्याच बोलीतला नमस्कार करत धावतच बाहेर आला.

"होरास! कुठले तुम्ही? कूळ कुठलं?"

आम्ही बातक भेटलो की नाव नंतर, आधी कूळ विचारतो. कुळावरून नातं ठरतं, मग तो माणूस परका राहत नाही. मी ह्यांच्या शर्टाची बाही ओढली. काही उपयोग झाला नाही. कूळ विचारल्यावर गप्प बसेल तो बातक कसला?

"हुतापेआ," हे छाती काढून म्हणाले.

"आणि आईचं?"

"सिनागा."

"अहो, मी सिनागा! मारोलोप सिनागा!" त्याने टाळीच वाजवली. आपल्या आजोबा-पणजोबांची नावं त्याने घडाघडा म्हटली, ह्यांनी आपल्या आईकडची म्हटली, बोटांवर पिढ्या मोजून झाल्या, आणि तो ह्यांचा मामा निघाला. एकसष्ट वर्षांच्या माझ्या नवऱ्याने त्या चाळिशीच्या माणसापुढे वाकून दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि 'मामा' म्हटलं. मामा म्हणजे आमच्यात देवाच्या खालोखाल.

"भाचेबुवा इकडे कसे?"

"फिरायला."

मामाने ह्यांच्या गालांकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं. "मेदानचे लोक इथे फिरायला येतात तेव्हा मी जास्त विचारत नसतो," म्हणाला. "आत या, जेवून जायचं."

भाच्याच्या जिवाला बळ यावं म्हणून मामाने अख्खा मासा रांधून खाऊ घालायचा, ही आमची रीत. खरं म्हणजे गोड्या पाण्यातला पिवळा मासा लागतो. "तो इथे मिळत नाही," मामा म्हणाला, "आज बांगड्यावर भागवा." हळद, मिरची, आलं घातलेला बांगडा त्याने भातावर ठेवला, ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटला, आणि पहिला घास स्वतःच्या हाताने भरवला. ह्यांचे डोळे भरून आले. सकाळपासून पहिल्यांदाच मी ह्यांना असं पाहिलं. मिरची लागली असेल म्हणून मी पाण्याचा पेला पुढे केला.

तेवढ्यात मामाने फोन काढला. "इकडे बघा!"

"नको नको, फोटो नको!"

"मामाकडे जेवून फोटो नको? असं कुठे असतं का, मामी काय म्हणेल?" काढलासुद्धा. मागे खानावळीची पाटी, त्यावर हातभर अक्षरांत 'पेनांग'. मी रश्शाने माखलेला हात घेऊन उठेपर्यंत त्याने तो मेदानच्या सगळ्या सिनागांना पाठवून टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'पेनांगमध्ये भाचा सापडला!' त्या बिचाऱ्याला काय माहीत, आम्ही घरी काय सांगून आलोय!

तोंडातला घास गिळून होतोय न होतोय तोच ह्यांचा फोन वाजला. टिऊर. हात भाताने भरलेले, म्हणून ह्यांनी करंगळीने फोन उचलून आवाज मोठा केला.

"बाबा, तुम्ही पेनांगला आहात?"

मी खुणा केल्या. सांगा, एका दिवसासाठी आलोय. सांगा, बस इकडून जाते. काहीही सांगा.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामाकडे. मघाशी मामाला एक थाप मारून झाली होती, पण आता त्याच्या हातचं पोटात गेलं होतं. त्याच्यासमोर पुन्हा खोटं बोलणं ह्यांना जमेना.

"हो, बाळा."

"कुठल्या दवाखान्यात? कुणाला काय झालंय?"

"मला. फुफ्फुसाचं आहे. दोन्हीकडे पसरलंय."

"अहो, काहीतरीच काय बोलताय!" मी ओरडले. "रिपोर्ट चारला मिळणार आहे ना!"

त्यांनी मान वर केली नाही. ताटातल्या माशाकडे बघत फोनला म्हणाले, "काल संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला होता. तुझी आई आंघोळीला गेली होती. तिला मी अजून सांगितलेलं नाही. शेजारीच बसलीय."

तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून पोरीला सांगता सांगता मला सांगत होते. आणि मी मघाशी त्यांना दगड म्हटलं होतं.

टिऊर रडायला लागली. "किती दिवस म्हणाले?"

"वर्षभर तरी. लग्न त्यात आरामात बसतंय, तू काही पुढेमागे करू नकोस. तुझ्या आईला कधी कुठे नेलं नव्हतं ना मी. तिला कळल्यावर तिचं कशातच लक्ष लागलं नसतं. म्हटलं, आधी एक दिवस फिरवून आणू."

मला ओरडायचं होतं, ताट भिरकावून द्यायचं होतं, पण सकाळी सातपासून चालून चालून अंगात त्राणच राहिलं नव्हतं.

"आई? आई, ऐकतेयस का गं?"

मी ह्यांच्या माशातला काटा काढून बाजूला ठेवला.

"ऐकतेय," मी म्हटलं. "तुझे बाबा जेवतायत, त्यांना जेवू दे."