न लिंपलेली खोली

तोमासाने चिखलाचा गोळा भिंतीवर थापला, तळव्याने पसरला आणि कोपऱ्यापाशी हात आवरता घेतला. तिसऱ्या खोलीची भिंत तिथे संपत होती. मग तिने पाटी उचलली, चौथ्या खोलीसमोरून मान खाली घालून पुढे गेली आणि पाचवीची भिंत लिंपायला लागली. मागून आलेल्या बायकांनीही तेच केलं.

सग्वारो निवडुंगाची फळं पिकली होती, म्हणजे पाऊस पंधरा दिवसांवर आला होता. त्याआधी मिशनच्या चाळीतली सगळी घरं लिंपून व्हायला हवीत. कच्च्या विटांना गिलावा नसला की दोन पावसाळ्यांत घराची माती होते, आणि चौथ्या खोलीचं नेमकं तेच व्हायला हवं होतं. हिवाळ्यात गोवराच्या साथीत तोमासाचा नवरा तिथे वारला. पूर्वी काटक्यांच्या झोपड्या होत्या तेव्हा सगळं सोपं होतं. माणूस गेला की झोपडीला कोलीत लावायचं, म्हणजे त्याचा पाय घरात अडकत नाही. पाद्रींच्या या विटा मेल्या जळता जळत नाहीत.

"ही का वगळली?" पाद्रे बेनितो विचारत आले. ते ईस्टरनंतर नव्याने आलेले, इथल्या पिमा लोकांची भाषा अडखळत बोलणारे, मनाने मऊ.

"चिखल संपला, पाद्रे," तोमासाची नणंद रोमुआल्दा म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत बरबटलेले होते.

"आणि पाचवीला बरा पुरला?"

"तो पाचवीचाच होता."

बायका खुदकन हसल्या. पाद्रेही हसले, पण हटले नाहीत.

"रविवारी लग्न आहे. नव्या जोडप्याला खोली हवी. आजच लिंपून टाका."

बायकांचं हसू मावळलं. रोमुआल्दा तोमासाच्या कानाशी लागली.

"वहिनी, तूच बोल. नाहीतर दादा कायमचा त्या दोघांच्या उशाशी बसून राहील."

तोमासा उठली. पाच महिने ती या एकाच गोष्टीवर तग धरून होती. घर पडेल, तो सुटेल, बायको म्हणून आपलं शेवटचं काम पार पडेल.

"पाद्रे, इथे माझा माणूस गेला. हे घर पडू द्या. नाहीतर तो जायचा नाही."

पाद्रेंचा चेहरा उतरला. "मला कुणी सांगितलंच नाही गं. घर पडू देणं माझ्या हातात नाही. पण त्याच्यासाठी प्रार्थना करतो. मृतांच्या वहीत त्याचं नाव वाचलंय मी."

पिमा माणसं मेलेल्याचं नाव घेत नाहीत. नाव म्हणजे हाक, आणि हाक ऐकली की वाटेला लागलेला माणूस मागे वळतो. जुने पाद्रे वीस वर्षांत एवढं शिकले होते. बेनितोंना कोण सांगणार? रोमुआल्दा "पाद्रे, नको!" म्हणेपर्यंत ते उंबरा ओलांडून आत गेले, गुडघे टेकले आणि मोकळ्या आवाजात त्यांनी नाव घेतलं.

पाट्या जागच्या जागी पडल्या. बायकांनी चिखलाच्या हातांनीच कान झाकले आणि देवळाकडे धूम ठोकली. रोमुआल्दाने तोमासाचा दंड ओढला.

"चल वहिनी! कान झाक!"

तोमासा हलली नाही. पाच महिन्यांत ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं, तिने मनातसुद्धा नाही. पाद्रेंनी भलत्याच अक्षरावर जोर दिला होता, तरी ते त्याचंच होतं. अंगणातून कुणी साद घातली की तोंडातला घास तसाच ठेवून "आलो, आलो" म्हणत बाहेर येणाऱ्या माणसाचं. तिला रडू फुटलं. नणंदेचा हात सोडवून ती दारापर्यंत गेली.

बाहेरचा गलका ऐकून पाद्रे घाबरून उठले होते.

"माझं काही चुकलं का?"

"चुकलं," तोमासा म्हणाली. "फार चुकलं."

तिने मागे वळून पाहिलं. रोमुआल्दा लांब, देवळाच्या पायरीपर्यंत पोचली होती. तोमासाने आवाज खाली आणला.

"पुन्हा एकदा म्हणा ना."