राखून ठेवलेली चाल

“कशालाच हात लावू नको. अर्धा तास,” हे म्हणाले, तसा मी चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. रविवारची दुपार होती. खाली कोन गावच्या रस्त्यावर कंटेनर हॉर्न देत होते, म्हणून खिडकी नेहमीसारखी बंद होती.

हे म्हणजे माझा नवरा, सुभाष. द्रोणागिरीच्या एका गोदामात कंटेनरांची नोंद ठेवतात आणि घरी आले की कॉम्प्युटरच्या बुद्धिबळाचं पुस्तक करतात. शेजारच्या सखूबाई अजून विचारतात, कधी छापून येणार म्हणून. ते छापायचं नसतंच. बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामला डावाच्या सुरुवातीच्या चाली आयत्या भरवाव्या लागतात, त्या यादीला पुस्तक म्हणतात. प्रत्येक चालीपुढे एक आकडा असतो. आकडा मोठा असेल तर प्रोग्राम ती चाल हमखास खेळतो, शून्य असेल तर कधीच खेळत नाही. यादी संपेपर्यंत तो स्वतःचं डोकं चालवत नाही. एखादा डाव हरला की हे त्या आकड्यांमागे आठ-आठ दिवस बसतात. अकरा वर्षं मी ह्यांची पाठच बघत आलेय.

प्रोग्राम पुण्याच्या अथर्वचा, पुस्तक ह्यांचं. अथर्वने एकदा ह्यांना पुण्याला कायमचं बोलावलं होतं. मी तर तिकडच्या घरासाठी पडदेही शिवले. त्याच महिन्यात सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. पडदे ट्रंकेत राहिले आणि आम्ही इथे.

नऊ वर्षांपूर्वी ह्यांनी पेढे आणले होते. एक चाल सापडली होती, चौदावी. घोडा मुद्दाम समोरच्याच्या तोंडात द्यायचा आणि वीस चालींनी डाव जिंकायचा. ती तपासण्यात ह्यांची दोन वर्षं गेली होती. आणि एवढं करून त्या चालीपुढे आकडा कुठला घातला? शून्य.

“राखून ठेवलीय,” हे म्हणाले होते. “एकदा खेललो का सगल्या जगाला कलते. मोठी स्पर्धा येऊदे, समोर तसाच तगडा प्रोग्राम येऊदे.”

स्पर्धा आल्या, तगडेही आले. दर वेळी ह्यांचं आपलं एकच, ह्याच्याहून मोठा येईल.

शुक्रवारी अथर्वचा फोन आला. “काका, रागावू नका. नव्या व्हर्जनला पुस्तक नकोय. हजार डाव खेळवून बघितले, पुस्तकाशिवाय तो जास्त जिंकतोय.”

ह्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, “माझा घोडा त्याला नाय सापडणार.”

“सापडला नाही तर पुस्तक ठेवू, काका. तुम्हीच बघा लावून.”

तेच आज चाललं होतं. ह्यांनी चौदाव्या चालीपर्यंत डाव मांडला, पुस्तक बंद केलं आणि मोबाइलवरचं घड्याळ सुरू केलं. स्क्रीनवर प्रोग्रामला सुचणारी चाल दिसत होती. आधी प्यादं दिसलं. मग उंट. ह्यांच्या तोंडावर जरा हसू आलं. मला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, तरी मी मनात देवाला हात जोडले.

मग घोडा आला.

हे घड्याळाकडे बघत राहिले. चाळीस सेकंद झाले होते. अर्धा तास म्हटला होता म्हणून हे पूर्ण अर्धा तास बसले. चाल बदलली नाही. उलट प्रोग्रामला तिची जास्तच खात्री पटत गेली.

“म्हणजे तुमची चाल बरोबर होती,” मी म्हटलं.

“व्हती ना. म्हणून तर त्याला सापडली.”

मला ह्यांचा रागच आला. किती वेळा सांगितलं होतं, खेळवून टाका, निदान ती कुणाची होती ते तरी जगाला कळेल. पण बोलू कुठल्या तोंडानं? ट्रंकेतल्या पडद्यांना मी तरी कधी हात लावला होता? दोघंही एकाच माळेचे मणी. ह्यांची मान खाली गेलेली बघून मला रडूच आलं. ते दिसू नये म्हणून मी कप उचलला. चहा गार झाला होता.

हॉलमधल्या पलंगावरून सासऱ्यांनी विचारलं, “जिकला कं रं?” दर रविवारी विचारतात.

“जिकला, बाबा.”

“मंग बरा झाला.”

हे पुन्हा स्क्रीनकडे वळले. पुस्तक उघडलं आणि चौदाव्या चालीपर्यंत गेले. ते पुस्तक आता कुठलाच प्रोग्राम उघडणार नव्हता. ह्यांनी घोड्यापुढचं शून्य काढून शंभर घातलं, दोनदा तपासलं, सेव्ह केलं, आणि मग उठून बाबांना कुशीवर वळवायला गेले.