वर येणारी सीट

शोरूममधल्या हाझिमने बटण दाबलं आणि गाडीच्या दारातून जांभळा उजेड पाझरायला लागला. मग निळा. मग गुलाबी.

“चौसष्ट रंग, हाज,” तो म्हणाला. “मूड असेल तसा लावायचा.” वडीलधाऱ्या गिऱ्हाइकाला तो मानाने ‘हाज’च म्हणायचा.

शौकीने डोळे बारीक केले. गाडी आहे की लग्नाचा मांडव? इजिप्तच्या तांता शहरात आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलेला माणूस तो. साधी गाडी घ्यायला आला होता. चार चाकं, गार हवा आणि इनायतला बसता-उठता येईल अशी जागा. ऑपरेशननंतर बायकोचा गुडघा वाकेनासा झाला होता. जुन्या गाडीच्या खोलगट सीटमधून तिला दोघांनी ओढून काढावं लागे. त्या लाजेने तिने घराबाहेर पडणंच सोडलं. तिकडे दमनहूरला तिची बहीण अंथरुणाला खिळलेली, आणि दोघी रोज फोनवर रडायच्या.

“साधं मॉडेल दाखव ना, बाबा.”

“ते आठ-नऊ महिन्यांनी येईल. ही मात्र आजच्या आज घरी न्या. किमतीवर फक्त दीड लाख पौंड ओव्हर.”

ओव्हर म्हणजे थांबायचं नसेल तर छापील किमतीच्या वर मोजायचे पैसे. सगळं गाव मोजतं आणि वर गाडीवाल्याचे आभारही मानतं. शौकीने मनाची तयारी केली होती, पण हे कशासाठी? हाझिम तर दाखवतच सुटला होता. काचेचं छप्पर, म्हणजे उन्हात आतल्या आत भाजून निघायची सोय. जेवणाच्या ताटाएवढी स्क्रीन, आणि एसीचं बटणही तिच्याच पोटात. पाय हलवला की उघडणारी डिकी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शी!

“यातलं नको ते काढलं तर किती कमी करशील?”

हाझिम हसला. “हाज, हा काय कोशरी-भाताचा ठेला आहे, कांदा घालू नकोस म्हणायला?”

“तुमचं चालू दे. मला बसून तरी बघू दे,” मागे काठी टेकून उभी असलेली इनायत म्हणाली.

ती बसली. हाझिमने दाराजवळचं एक बटण दाबलं. सीट घुं घुं करत वर आली, आणखी वर आली, आणि इनायतला गुडघा न वाकवताच जमिनीवर पाय रोवता आले. ती उठून उभी राहिली. परत बसली, परत उठली.

“शौकी! अरे, मी एकटी उठले बघ!” ती तोंडभरून हसली. “शुक्रवारीच जाऊ या दमनहूरला.”

“ही सीट साध्या मॉडेलला लावून मिळेल?” शौकीने विचारलं.

“छे हो. हे सगळं एकत्रच येतं.”

हाझिम मघापासून इनायतच्या चेहऱ्याकडेच बघत होता. आता त्याने खिशातून फोन काढला. फोन वाजला नव्हता.

“हाज, आत्ताच मॅनेजरचा मेसेज आला. ही शेवटची गाडी आहे, ओव्हर अडीच लाख झालंय.”

“मेसेज आला, की माझी बायको हसली त्याचे हे लाख?” शौकीने फोनकडे बोट दाखवलं. “लाज वाटते का रे थोडी?”

“बाजार आहे, हाज.”

इनायतचं हसू मावळलं. कापडबाजारात तिनेच नवऱ्याला शिकवलं होतं : आवडलं तरी नाक मुरडायचं, पाठ फिरवून चालायला लागायचं आणि मागे बघायचं नाही. दुकानदार झक मारत हाक मारतो. आज तीच चुकली होती. तिने नाक मुरडलं.

“रंग बघ मेल्याचा, ढेकणासारखा. चल, शौकी.”

दोघं दाराकडे निघाले. ती काठी टेकायची, पाय ओढायची, थांबायची. तेवढ्या वेळात माणसाला दहा हाका मारता आल्या असत्या.

“मागे बघू नकोस,” ती दबक्या आवाजात म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदाच शौकीने मागे बघितलं. ती जिथे बसली होती ती सीट हाझिम ओल्या फडक्याने घासून घासून पुसत होता. त्याने मान वर केली नाही.

“बोलावतोय का रे?”

“बोलावेल,” शौकी म्हणाला. “तू सावकाश चाल.”